हातातला फोन आणि कारंज्याचा बाजार

(केनवड, ता. रिसोड, जि. वाशीम येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती तेवढी कमी केली आहे. शेवटी प्रश्नोत्तरे आहेत.)



'मोबाईलच्या ऑपरेटिंग सिस्टीममधली स्पर्धा' हा विषय तुम्ही कळवलात तेव्हा आम्हाला वाटलं, यांचा पत्ता चुकला असावा. आमचा सगळा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. फोन बिघडला की आम्हीही नातवालाच हाक मारतो. पण विचार करत गेलो तसं लक्षात आलं की हा विषय फोन दुरुस्त करणाऱ्याचा जितका आहे तितकाच कास्तकाराचाही आहे. म्हणून आज आपण यंत्राच्या पोटात फार शिरणार नाही. ज्या सिस्टीम आल्या त्या का आल्या, ज्या गेल्या त्या का गेल्या आणि पुढं कुणाला वाव आहे, एवढंच तपासू. तपासताना आमची जुनी हत्यारं वापरू, म्हणजे न्यायशास्त्राची.

सुरुवात वावरातून करू. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या वावरात काय पेरलं याची नोंद आता कास्तकारानं स्वतः फोनवरून करायची, पिकाचा फोटो काढायचा आणि ती नोंद सातबाऱ्यावर जायची. आता समजा, धुऱ्यावर दोन शेजारी उभे आहेत. एकाजवळ अँड्रॉइडचा फोन, दुसऱ्याजवळ बटणांचा जिओफोन. दोघांच्या फोनला कॅमेरा आहे, दोघांकडं इंटरनेट आहे. पण पीक पाहणीचं ॲप पहिल्याच्या फोनवर चालतं आणि दुसऱ्याच्या फोनवर ते उतरतच नाही.

दुसरा काय करतो? पहिल्याचा फोन मागतो. तशी सोय आहे, एका फोनवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. काम होऊन जातं. पण बघा, वावर त्याचं, सोयाबीन त्याचं, सातबारा त्याचा, आणि नोंद मात्र शेजाऱ्याच्या फोनच्या भरवशावर. कॅमेरा नाही म्हणून अडलं असतं तर आपण समजू शकलो असतो. इथं अडलं ते आतल्या सिस्टीमपाशी. मग ही सिस्टीम म्हणजे आहे तरी काय?

फोन उघडला तर आत चिप असते, बॅटरी असते, कॅमेरा असतो, पडदा असतो. या सगळ्यांना कामाला लावणारं, कुणी केव्हा काय करायचं हे ठरवणारं जे मूळ सॉफ्टवेअर, ती ऑपरेटिंग सिस्टीम. ॲप बनवणारा कॅमेऱ्याशी थेट बोलत नाही. तो सिस्टीमला सांगतो आणि सिस्टीम कॅमेऱ्याला सांगते. प्रत्येक सिस्टीमची भाषा वेगळी. त्यामुळं अँड्रॉइडसाठी बनवलेलं ॲप आयफोनवर चालत नाही आणि जिओफोनमध्ये जी कायओएस नावाची सिस्टीम आहे, तिच्यावरही चालत नाही. ॲपवाल्याला प्रत्येकीसाठी वेगळी मेहनत करावी लागते. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

आज जगात मुख्य सिस्टीम दोनच उरल्या आहेत. गूगलची अँड्रॉइड आणि ॲपलची आयओएस. आपल्या देशात तर शंभर स्मार्टफोनमधले नव्वदहून जास्त अँड्रॉइडचे. पण हे पहिल्यापासून असं नव्हतं. ॲपलचा आयफोन २००७ चा, अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ चा. त्या वेळी नोकियाची सिम्बियन होती, ब्लॅकबेरीची वेगळी होती, मायक्रोसॉफ्टची वेगळी होती. पुढं सॅमसंगनं टायझेन आणली, मोझिलानं फायरफॉक्स ओएस आणली. मुंबईत तर आपल्याच मुलांनी इंडस ओएस काढली. इतकी मंडळी गेली कुठं?

यावर लोक एक सोपं उत्तर देतात. जी चांगली होती ती टिकली, बाकीच्या गेल्या. हे उत्तर आपण तपासून पाहू.

न्यायशास्त्रात एक प्रसिद्ध उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथं अग्नी आहे. जिथं धूर तिथं अग्नी, हे बरोबर. पण उलटं म्हटलं, जिथं अग्नी तिथं धूर, तर ते चुकतं. लोहाराच्या भात्यासमोरचा तापलेला लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. कारण धूर यायला नुसता अग्नी पुरत नाही, सरपण ओलं लागतं. ही जी लपलेली अट, तिला नैयायिक 'उपाधी' म्हणतात. माणूस फसतो तो नेहमी उपाधीपाशी. आता 'जिथं चांगली सिस्टीम तिथं यश' हे वाक्य घेऊ आणि तापलेले गोळे शोधू.

पहिला गोळा मायक्रोसॉफ्टचा. नोकिया म्हणजे आपल्याकडं फोनचं दुसरं नाव होतं. २००३ साली आलेला, बॅटरीवाला ११०० तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी वापरला असेल. जगभरात असे पंचवीस कोटींच्या आसपास फोन विकले गेले. पण स्मार्टफोन आले आणि नोकियाची सिम्बियन मागं पडली. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियानं मायक्रोसॉफ्टच्या विंडोज फोनचा हात धरला. ती सिस्टीम वाईट नव्हती. स्वस्त लुमिया फोनवरही ती न अडखळता चालायची, दिसायला नेटकी होती. पाठीशी पैसा होता. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नोकियाचा फोनचा धंदाच विकत घेऊन टाकला. तरी काही वर्षांत सगळं संपलं. का? इन्स्टाग्राम आयफोनवर २०१० मध्ये आलं होतं, ते विंडोजवर यायला २०१३ चा नोव्हेंबर उजाडला. यूट्यूबचं धड ॲप गूगलनं दिलं नाही, मायक्रोसॉफ्टनं स्वतः बनवलं तर २०१३ मध्ये गूगलनं ते अडवलं. दुकान सुंदर, पण माल नाही.

दुसरा गोळा फायरफॉक्सचा. ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्स कंपनीनं भारतात फायरफॉक्स ओएसचा फोन १,९९९ रुपयांना आणला. हेतू चांगला होता. इंटरनेटसारखीच खुली, कुणा एकाच्या मालकीची नसलेली सिस्टीम गरिबाच्या हातात द्यायची. पण फोन फारच हलका होता आणि व्हॉट्सॲपचं अधिकृत ॲप त्यावर नव्हतं. डिसेंबर २०१५ मध्ये मोझिलानं फोनच्या बाजारातून माघार जाहीर केली.

तिसरा सॅमसंगचा. जानेवारी २०१५ मध्ये टायझेनचा झेड-वन हा फोन सॅमसंगनं भारतातच पहिल्यांदा विकायला काढला, ५,७०० रुपयांना. फोन विकण्यात सॅमसंगपेक्षा मोठं कोण होतं? तरीही २०१७ नंतर टायझेनचा नवा फोन आला नाही.

तिघांकडं तीन वेगवेगळ्या गोष्टी होत्या. एकाकडं पैसा, दुसऱ्याकडं तत्त्व, तिसऱ्याकडं कारखाने आणि दुकानं. तिघांकडं एकच गोष्ट नव्हती, लोकांना रोज लागणारी ॲप. आपली उपाधी सापडली. सिस्टीम हा अग्नी आणि ॲप हे ओलं सरपण.

पण मग ॲपवाले नव्या सिस्टीमकडं जात का नाहीत? इथं आपल्याला आठवडी बाजाराचं उदाहरण उपयोगी पडेल. समजा, ज्या दिवशी तालुक्याचा बाजार भरतो त्याच दिवशी तुम्ही केनवडात नवा बाजार भरवला. पत्र्याचे शेड बांधले, प्यायच्या पाण्याची सोय केली, कर माफ केला. भाजीवाला येईल का? तो म्हणेल, गिऱ्हाईक आलं की येतो. गिऱ्हाईक म्हणेल, भाजीवाले आले की येतो. दोघंही शहाणे आहेत, कुणाचंच चुकत नाही, आणि तुमचे शेड रिकामे राहतात. जुन्या बाजारात चिखल असला तरी तिथं गर्दी असते, आणि गर्दी आहे म्हणून आणखी गर्दी होते.

म्हणून सिस्टीम विकत घेताना आपण यंत्र घेतो असं वाटतं, पण खरं तर आपण एका बाजारात नाव नोंदवतो. अँड्रॉइडचा बाजार म्हणजे प्ले स्टोअर, आयफोनचा ॲप स्टोअर. आणि बाजार म्हटला की अडत आली. ॲपमधून डिजिटल माल विकला तर या बाजारांचा मालक शंभराला तीसपर्यंत कापतो. ओरड झाल्यावर २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी ती पंधरावर आणली. आपल्या यार्डात अडत्यानं शंभराला पंधरा मागितले तर काय होईल, हे तुम्हीच सांगा.

आता कुणी म्हणेल, सर, जिओफोनचं काय? तो तर लाखांनी खपला. बरोबर आहे, तेही उदाहरण सोडून चालणार नाही. उलट तेच सगळ्यांत जास्त शिकवतं.

जिओफोन २१ जुलै २०१७ ला मुंबईत जाहीर झाला. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी परत. आतली कायओएस ही सिस्टीम दुसऱ्या कुणाची नव्हती, त्याच मेलेल्या फायरफॉक्स ओएसच्या बियाण्यातून उगवलेली होती. मग आई मेली आणि लेक जगली कशी? एक तर तिनं अँड्रॉइडशी बरोबरी सांगितलीच नाही. तिची स्पर्धा साध्या बटणांच्या फोनशी होती. ज्याच्याकडं काहीच इंटरनेट नव्हतं त्याला थोडं मिळालं. दुसरं, नेटवर्क आणि फोन एकाच कंपनीचे, त्यामुळं कोट्यवधी गिऱ्हाईक एकदम उभं राहिलं. इतकी गर्दी दिसल्यावर भाजीवाला यायचाच. सप्टेंबर २०१८ मध्ये व्हॉट्सॲप जिओफोनवर आलं. त्याच वर्षी भारतात वापराच्या मोजणीत कायओएसनं आयफोनला मागं टाकलं. फायरफॉक्सला जे जमलं नाही ते तिच्याच बियाण्यानं, गर्दी आधी जमवून, करून दाखवलं.

आणि पुढं? २०१८ मध्येच गूगलनं कायओएस कंपनीत सव्वादोन कोटी डॉलरच्या घरात पैसे घातले. २०२० मध्ये जिओमध्ये गूगलनं ३३,७३७ कोटी रुपये गुंतवले. २०२१ च्या दिवाळीत दोघांनी मिळून जिओफोन नेक्स्ट आणला, ६,४९९ रुपयांना. त्याच्या सिस्टीमचं नाव प्रगती, पण ती अँड्रॉइडचीच. मोठ्या बाजाराच्या मालकानं लहान बाजार पाडला असं आम्ही म्हणत नाही. त्यानं तिथल्या गर्दीला आपल्या गेटातून आत घेतलं. २०२४ च्या मध्यापासून कायओएसच्या फोनवर व्हॉट्सॲप नव्यानं उतरवता येईनासं झालं. फोन तोच, बॅटरी चांगली, बटणं शाबूत, पण बाजारातून भाजीवाले उठले. आपला धुऱ्यावरचा दुसरा शेजारी इथं उभा आहे. त्याचा फोन बिघडलेला नाही. त्याचा बाजार उठला आहे.

आता मुंबईच्या इंडस ओएसकडं येऊ. ही गोष्ट आपल्या भाषेची आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या तरुणांनी ती काढली आणि २०१५ मध्ये मायक्रोमॅक्सच्या फोनवर ती बाजारात आली. त्यांनी नेमकं ओळखलं होतं की खेड्यातल्या माणसाची अडचण चिपची नसते, भाषेची असते. सुरुवातीच्या अँड्रॉइड फोनवर मराठी मजकूर आला की अक्षरांच्या जागी चौकोन दिसायचे, आठवतं ना? 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यातला अर्धा ऱ हिंदीला लागत नाही, म्हणून तो कित्येक फोनवर धड उमटायचा नाही. 'ॲप' मधला ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आला तोच २००८ साली. आपला ल आणि श हिंदीपेक्षा वेगळा काढतात, राज्य सरकारनं २००९ मध्ये त्याचा निर्णयही काढला, पण फोनवर बहुतेक वेळा हिंदी वळणाचाच ल दिसतो. म्हणजे तुमच्या नातवाला 'ल' कसा दिसेल हे शाळेच्या फळ्याइतकंच फोनची सिस्टीमही ठरवते.

इंडसवाल्यांनी आपल्या भाषेतला कळफलक दिला, बोट फिरवून भाषांतर दिलं, आणि स्वतःचा ॲप बाजार दिला, ज्यात ॲप उतरवायला ईमेल लागत नव्हता. ज्याचा ईमेलच नाही त्याला प्ले स्टोअरच्या दारातच अडायला व्हायचं. पण ही सिस्टीम अँड्रॉइडच्याच पायावर बांधलेली होती आणि ती भारतीय कंपन्यांच्या फोनवर बसून जायची. चिनी कंपन्यांचे स्वस्त फोन आले, मायक्रोमॅक्ससारख्यांची विक्री घसरली, आणि बैल बसला तर गाडी कुठं जाणार? शिवाय भारतीय भाषा तोवर गूगलनंही आपल्या घरात आणल्या होत्या. मग या लोकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. सिस्टीम बाजूला ठेवली आणि ॲप बाजारावर लक्ष दिलं. २०१९ मध्ये सॅमसंगनं त्यांच्यात पैसे घातले, २०२२ मध्ये फोनपेनं ती कंपनी घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यातून इंडस ॲपस्टोअर सुरू झालं. खरी लढाई बाजाराची आहे हे त्यांना अनुभवातून कळलं. आपण इतका वेळ तर्कानं तिथंच पोचत होतो.

पण एक प्रश्न अजून शिल्लक आहे. गर्दीमुळं गर्दी होते हा निसर्गनियम म्हणून सोडून द्यायचा का? की बाजाराचा मालक कुंपणही घालतो?

यासाठी आपल्याला लांब जायला नको. आपल्याच जिल्ह्यातल्या कारंज्याला जाऊ. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंज्याचा कापसाचा बाजार नियमांखाली आला. देशातला पहिला नियंत्रित शेतमाल बाजार म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पुढं १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा झाला. ठरावीक जागा बाजार म्हणून जाहीर करायची आणि देखरेखीला समिती नेमायची, असं त्याचं रूप. इंग्रजांना आपल्या आजोबा-पणजोबांचा कळवळा आला होता असं समजू नका. त्यांना मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी शुद्ध कापूस रास्त भावात हवा होता. पण एक तत्त्व त्यातून रुजलं. ज्या बाजारात जाण्यावाचून कास्तकाराला गत्यंतर नाही, त्या बाजाराचा काटा, कडता आणि अडत व्यापाऱ्याच्या मर्जीवर सोडता येत नाही. जुन्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचे. नियम आले तशी उघड हर्राशी आली. आज बाजार समित्यांबद्दल आपल्या सगळ्यांच्या तक्रारी आहेत, त्या आम्हीही ऐकतो. पण तक्रार कुठं करायची ती जागा तरी आहे.

आता गूगलचा काटा बघू. अँड्रॉइडचा मूळ गाभा फुकट आणि खुला आहे, कुणीही घ्यावा. पण प्ले स्टोअर त्यात येत नाही. फोन बनवणाऱ्याला प्ले स्टोअर हवं असेल तर गूगलशी करार करावा लागे. त्या करारात गूगलची सगळी ॲप एकत्र घ्यावी लागत. आणि सोबत दुसरी अट अशी की त्या कंपनीनं अँड्रॉइडमध्ये मनाजोगा फेरबदल केलेली सिस्टीम आपल्या कुठल्याही फोनवर विकायची नाही. म्हणजे समजा, एखाद्या कंपनीला शंभर प्रकारच्या फोनपैकी एका प्रकारात नवी सिस्टीम घालून बघायची आहे, तर उरलेल्या नव्व्याण्णवांचं प्ले स्टोअर धोक्यात. आमच्या यार्डात माल आणायचा तर दुसऱ्या यार्डात एक पोतंही न्यायचं नाही, असं झालं.

२०१८ मध्ये तिघा तरुणांनी याविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडं तक्रार केली. युरोपात त्याच वर्षी गूगलला याच प्रकारासाठी ४३४ कोटी युरोंचा दंड झाला होता. आपल्या आयोगानं चौकशी करून २० ऑक्टोबर २०२२ ला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि वागणूक बदलण्याचे दहा आदेश दिले. मार्च २०२३ मध्ये अपिलात दंड कायम राहिला, चार आदेश मात्र रद्द झाले. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये गूगलनं भारतापुरते काही बदल जाहीर केले. फोन कंपन्यांना ॲप सुटी सुटी घेता येतील, आणि शोधासाठी कुठलं इंजिन वापरायचं हे गिऱ्हाईकाला निवडता येईल.

यात गूगलला चोर ठरवायचा हेतू नाही. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, प्रत्येकानं अँड्रॉइड आपापल्या परीनं वाकवली तर एका फोनवरचं ॲप दुसऱ्यावर चालणार नाही, सगळ्यांचंच नुकसान. यात तथ्य आहे. काटा एक असावा हे बाजार समितीही म्हणते. फरक एवढाच की काटा ज्याच्या हातात, तोच मालाचा व्यापारीही असेल तर वजन तपासणारा तिसरा कुणी लागतो. कारंज्यानं हे एकोणिसाव्या शतकात शिकवलं.

आता शेवटी, पुढं कुणाला वाव आहे? आम्हाला तीन वाटा दिसतात.

पहिली वाट चीनची. मे २०१९ मध्ये अमेरिकेनं हुआवेवर निर्बंध घातले, गूगलचा बाजार बंद झाला, तेव्हा हुआवेनं हार्मनी नावाची सिस्टीम काढली. २०२४ मध्ये तिची अशी आवृत्ती आली की जिच्यावर अँड्रॉइडची ॲप चालतच नाहीत. हे जमलं कारण चीनमध्ये प्ले स्टोअर मुळातच नव्हतं, तिथले भाजीवाले आधीपासून वेगळ्या बाजारात बसत होते. ही वाट आपल्याला कॉपी करता येणार नाही.

दुसरी वाट इंडसची आणि जिओफोनची. मोठ्या बाजाराशी भांडत न बसता, तो ज्या माणसाला ओळखत नाही त्याला गाठायचं. यात यश मिळतं, पण आपण पाहिलं की यश मिळालं की मोठा बाजार त्या माणसाला ओळखायला लागतो. म्हणून ही वाट नियम करणाऱ्याच्या पाठबळाशिवाय फार लांब जात नाही.

तिसरी वाट आम्हाला सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण ती आपल्या हातातली आहे. सिस्टीम कुठलीही असो, चालेल अशी सेवा बनवायची. मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बटणांच्या साध्या फोनसाठी यूपीआय सुरू केलं. फोन लावून, बोलून, मिस्ड कॉल देऊन पैसे पाठवता येतात. ना अँड्रॉइड लागतं ना आयफोन. पैशाच्या बाबतीत जे जमलं ते पिकाच्या नोंदीत का जमू नये? सरकारी सेवा एका खाजगी बाजाराच्या दारातूनच मिळेल असं झालं, तर सरकारनंच त्या बाजाराला गिऱ्हाईक हाकून दिलं असं होतं. प्रत्येक सरकारी ॲपसोबत, कुठल्याही फोनवर उघडेल असं संकेतस्थळ आणि नुसत्या कॉलवर चालणारी सोय असली पाहिजे. ही मागणी ग्रामसभेत ठराव करून करता येते, त्यासाठी कुणाला इंजिनिअर व्हावं लागत नाही.

स्वातंत्र्याबद्दल आम्ही आयुष्यभर वर्गात बोललो. दोन वस्तूंपैकी एक निवडायला मिळाली की माणूस स्वतंत्र झाला असं आपल्याला वाटतं. पण खरी कसोटी दुसरी आहे. जे निवडलं ते सोडायची वेळ आली तर सोडता येतं का? सोडल्यावर सातबारा, बँक, दवाखाना आणि नातेवाईक आपल्यासोबत येतात का? सिस्टीमच्या स्पर्धेत कोण जिंकेल यापेक्षा हा प्रश्न आपण धरून ठेवू.

प्रश्नोत्तरे

एक तरुण श्रोता: सर, मग आपली स्वदेशी सिस्टीम हाच उपाय नाही का? भारोएसचं काय झालं?

उत्तर: भारोएस जानेवारी २०२३ मध्ये पुढं आली, मद्रास आयआयटीच्या छत्राखालच्या एका कंपनीनं बनवली. तिचा भर गोपनीयता सांभाळावी लागणाऱ्या संस्थांवर होता. अशा मर्यादित जागी ती उपयोगी पडू शकते. पण बाजारात सर्वांसाठी यायचं तर तिलाही भाजीवाल्याचा तोच प्रश्न सुटत नाही. आणि दुसरी गोष्ट, मालक बदलला म्हणून काटा आपोआप खरा होत नाही. कारंज्यातले व्यापारी काही विलायतेचे नव्हते, आपलेच होते. तरी नियम लागलेच.

एक ज्येष्ठ श्रोते: गुरुजी, माझ्याजवळ अजून जिओफोन आहे. टाकून देऊ का?

उत्तर: दादा, बोलणं होतंय ना? पैसे पाठवायला साध्या फोनचं यूपीआय बँकेतून चालू करून घ्या. पिकाची नोंद मात्र यंदा शेजाऱ्याच्या फोनवरूनच करा आणि मुदत संपायच्या आत करा. नोंद झाली की सातबारा स्वतः काढून तपासा. फोन उसना चालेल, तपासणी उसनी चालत नाही. आणि ग्रामसभेत पहिला हात तुम्हीच वर करा, कारण अडचण काय आहे ते आम्हा सगळ्यांपेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.